सहा कोंबड्या आणि रोलंड फॅरेलची सही

मी, एल्डन रॅमसायर, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार मिलबर्न हाइट्स, ओहायो राज्य, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दबावाखाली मी हे लिहीत नाही. वैतागून मात्र लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कोंबड्यांचा विचार नव्हता.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी मॅरजीन हिला. ती इथे राहायला येणार आहे आणि तिला कोंबड्याही हव्या आहेत. घर देता येतं, कोंबड्या देता येत नाहीत! नगरपालिकेचा परवाना माणसाच्या नावावर असतो आणि माणसाबरोबर संपतो. मी गेल्यावर महिन्याभरात सहाही कोंबड्या हलवायच्या, खुराडं पाडायचं. मॅरजीनला नवा परवाना मिळेल, पण लगतच्या शेजाऱ्याने संमतीची सही दिली तरच. लगतचा शेजारी म्हणजे रोलंड फॅरेल. त्याच्याकडे सही मागून मागून थकलो.

२. करवत, रंधा आणि बाकीची हत्यारं जावई कर्टिसला. याच हत्यारांनी आम्ही ते खुराडं पुन्हा पुन्हा खोललं आणि उभारलं. शेजारच्या घरापासून पंचवीस फूट लांब हवं, असा नियम. मी नीट मोजून बांधलं होतं. मग रोलंडने मागच्या बाजूला काचेची खोली वाढवली. घर माझ्याकडे चालत आलं आणि नियम मोडला मी! दुसरीकडे सरकवलं, तर खाली सांडपाण्याची वाहिनी. शेवटी चाकं लावली. निरीक्षक म्हणाले, "आजोबा, आता हा ट्रेलर झाला. ट्रेलर मागच्या अंगणात चालत नाही." चाकं काढली. कर्टिसने ती टाकू नयेत. नियमांचा भरवसा नाही.

३. शाळेतलं कवितांचं पुस्तक नात टेसाला. मिस ऑस्ट्रँडर बाईंच्या एकाच खोलीत आठ इयत्ता बसायच्या आणि कविता पाठ नसली तर बाई मधल्या सुट्टीत बाहेर सोडायच्या नाहीत. त्या कविता अजून ओठांवर आहेत. पहाटे दाणे टाकताना मी म्हणतो आणि ओपल, आर्डिथ, व्हेल्मा या कोंबड्या मान वाकडी करून ऐकतात. ही वर्गातल्या मुलींची नावं. त्या मुलींनी कधी ऐकलं नाही. यावरून रोलंडने तक्रार केली की माझ्याकडे कोंबडा आरवतो. कोंबडा ठेवायला मनाई आहे. निरीक्षक भल्या पहाटे कुंपणाआड दबा धरून बसले, आणि आरवणारा निघालो मी.

४. रोलंड फॅरेलला काही नाही. खिळासुद्धा नाही. फक्त एक माहिती. ही सगळी वसाहत माझ्या वडिलांचं शेत होतं. त्याचा गुलाबाचा वाफा जिथे आहे, तिथे आईचं कोंबड्यांचं घर होतं, दोनशे कोंबड्या. संध्याकाळी ती ओच्यात अंडी घेऊन यायची आणि दारातूनच हाक मारायची, "एल्डन, दिवा धर रे!" जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवणारे गुलाब विकतच्या खताने फुलतात, असं रोलंड साऱ्या गल्लीला सांगतो. ते खत माझ्या आईच्या कोंबड्यांचं आहे. जिथे दोनशे नांदल्या, तिथे सहांसाठी मी याच्या दारात उभा राहतो.

५. हे कलम आज, सह्यांच्या वेळी जोडले. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार असा हवा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. टपाल वाटणारी बर्निस तयार होती; दुसरा असा माणूस मला एकच ठाऊक होता.

रोलंड आला. "वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

"तुझी सही किती महाग आहे ते मला माहीत आहे, बाबा. वाच."

चौथ्या कलमापाशी थांबला. उठून निघून गेला. मी वकीलबाईंना म्हटलं, "गेला तो." तेवढ्यात परत आला आणि टेबलावर एक पांढरं अंडं ठेवलं. चिनी मातीचं. कोंबडीने जागेवरच अंडं घालावं म्हणून आई असली अंडी खोप्यात ठेवायची.

"गुलाब लावताना सापडलं होतं," तो म्हणाला. "बायकोने खिडकीत ठेवलं. कशाचं ते कळलंच नाही. तुमचं आहे, घ्या."

एकही कविता आठवेना.

ते त्यालाच द्यावं, असं मनात आलं; पण साक्षीदाराला काही देता येत नाही. इथेही नियम! म्हणून ते अंडं मॅरजीनला. तिने ते खोप्यात ठेवावे. खोपा राहिला तर.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि खाली नाव घालतो.

(सही) एल्डन रॅमसायर
मिलबर्न हाइट्स, १२ ऑक्टोबर २०१९

आमच्या समोर सही झाली:

१. (सही) बर्निस कोल, टपाल वाटणारी

२. (सही) रोलंड फॅरेल, शेजारी. ही सही मृत्युपत्रापुरतीच. मॅरजीनचा संमतीचा कागद सोमवारी माझ्याकडे पाठवावा. कविता सकाळी सहाच्या आधी नकोत.