मोर पडला तवा

मंगळवार, दिवेलागणीले

नाही व सूनबाई, दिसलं नाही म्हून गप नव्हती मी.

पुण्याहून सुनेनं चिनी सोंगट्यायचा डबा आनला, माहजोंग म्हने; काही सोंगट्यायवर मोराचं चित्र. सून, नात, शेजारची शकीलाबी अन मी, चौघी बसलो. मी म्हनलं, "शकीलाबी, ब्लाउज शिवताना टाचण्या धरतं तशा सोंगट्या तोंडात नोको धरू!"
"चूप बैठ, तुले तं मोर अन कावळा सारखाच!"

सारखा कायचा? माह्या डावाले एक मोरच कमी होता. सुनेनं तोच टाकला. पाह्यजे ती सोंगटी पडली का लगेच आवाज द्या लागते, नाही तं गेली. मी मोराकडे पाहत राह्यली. शकीलाबी जिकली.

सुनेनं माह्या सोंगट्या उलटवून पाह्यल्या. "आई, मोर तुमचाच होता! बोलल्या काहून नाही?"
"म्हातारी झाली बाई, दिसला नाही," म्हनून हसली.

मोर साफ दिसला होता. आत काहीच हाललं नाही, त्या दुपारसारखं.

तीन वर्सं झाली, सगळ्यायले सांगतलं का मालक झोपेत गेले, मलेबी डोया लागला होता. मी जागी होती. त्यायचा श्वास अडकला, मी पाहत राह्यली. पोरगा आंगनातच होता. त्याले हाक मारली नाही.