माझ्या डोक्याची वाटणी

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांना सवय असते.
क्लिनिकमध्ये मॅडमनंतर मीच. आधी मॅडम पेशंटच्या पोटातली चरबी काढून स्टेम सेल वापरायच्या. फार कटकट. ते बंद झालं आणि मी आलो. आता पेशंटचं रक्त मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळं पाणी मी काढतो, मॅडम नुसत्या टोचतात. चेहरा उजळतो, केस येतात. मी सातवी नापास, पण नळ्या समोरासमोर सारख्या वजनाच्या लावल्या नाहीत तर मशीन टेबलावर नाचतं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

४ मार्च
टाय लावलेला एक सेल्समन आला. अंगठ्याएवढ्या बाटल्या घेऊन. एक्सोसोम. म्हणे यात पेशी नाहीतच, पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप आहेत. रक्त नको, मशीन नको. ‘मशीन नको’ म्हणताना माझ्याकडे बघून हसला. माणूस हलकट आहे.

५ मार्च
मॅडमनी ठरवलं, दोन्ही एकाच डोक्यावर करून बघू. फुकटातलं टक्कल माझंच. अर्ध्यावर माझं रक्त, अर्ध्यावर बाटली. चार महिन्यांनी जे जिंकेल ते राहील. बाटली जिंकली तर मशीन विकणार. मी म्हणालो, खुशाल.
कुठली बाजू कशाची ते मला सांगणार नाहीत. मनाचे खेळ होतात म्हणे. टोचताना डोळ्यांवर पट्टी. माझं रक्त मात्र मीच फिरवलं. प्रेमाने, दोनदा.

६ मार्च, दुपारी
मॅडम जेवायला गेल्या. फाइल उघडली. समोरून काढलेलं एक डोकं, डावीकडे लाल रंग, त्यावर लिहिलंय रक्त. झालं, कळलं.
दुकानातून केस वाढवायचं लोशन आणलं. रोज दोनदा, फक्त डावीकडे. ही फसवणूक नाही. मशीनला बोलता येत नाही, म्हणून कुणीतरी त्याची बाजू घ्यायला नको?

२ एप्रिल
ताईचा फोन. मुलीकडचे फोटो मागतायत, कधी पाठवतोस टकल्या? म्हटलं, जुलैत. ती म्हणाली, तोवर मुलीला काय फ्रीजमध्ये ठेवू? आमच्या घरात विज्ञान कुणालाच कळत नाही.

१९ मे
डावीकडे लव आली! उजवीकडे खडखडाट. झोपतो पण उजव्या कुशीवर, असतील नसतील ते घासून जावेत.
टायवाल्याला पाऊण तास दारात बसवला. मॅडम बिझी आहेत म्हटलं. मॅडम रिकाम्या होत्या.

५ जुलै
निकाल. नवा शर्ट घातला. मॅडमनी भिंगातून केस मोजले. म्हणाल्या, डावी बाजू! कमाल आहे. मी टायवाल्याकडे बघून हसलो. तोही हसला. हे मला खटकलं.
मग मॅडमनी फाइल उघडली. डावीकडे बाटली.
मी म्हटलं, चित्रात तर रक्त डावीकडे आहे. मॅडम म्हणाल्या, चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून बसलाय, त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येणारच. आणि तू चित्र कधी बघितलंस? म्हटलं, आत्ताच, लांबून.
टायवाल्याने मला मिठी मारली. शर्ट धुवायला टाकला.
लोशनचं सांगितलं तर मी जातो. नाही सांगितलं तर मशीन जातं. गप्प बसलो. मशीनला समजेल.

६ जुलै
चित्रच चुकीचं छापलंय. छापणाऱ्याकडे तक्रार करणार.

१२ जुलै
मशीन नेलं. दोघांनी तिरकं उचललं, गाढवं. एक नळी मी खिशात ठेवली. आता माझं काम बाटल्यांच्या फ्रीजचं टेम्परेचर वहीत लिहिणं.
लोशन बंद. त्या हलकटाच्या बाटलीसाठी मी का घासू?
रिसेप्शनवर माझ्या डोक्याचं पोस्टर लागलं, दाराएवढं. ताईला त्याचाच फोटो पाठवला. ती म्हणाली, बाकीचा अर्धा नवरा कधी येतोय?

३० सप्टेंबर
डावीकडचेही गळाले. सगळे.
आज एका पेशंटने पोस्टर बघितलं, मग मला बघितलं, मग पुन्हा पोस्टर. आणि आलोच म्हणत निघून गेला.
मॅडमनी टोपी दिली. पोस्टर आहे तोवर काढायची नाही म्हणाल्या. टोपी टायवाल्याची आहे, पुढे बाटलीचं चित्र.
मापात बसली.