चौथ्या मजल्यावरचा डबा

३ मार्च, मंगळवार

मांजर खात होतं! माझ्या टिक्क्या — माझ्याच! ओळखण्यात चूक होणं शक्य नाही. काल उरलेल्या भातात उकडलेला बटाटा कुस्करला, फ्लॉवरचे देठ अगदी बारीक चिरून घातले आणि जॅमच्या बरणीच्या झाकणानं गोल कापल्या. त्या झाकणावर फुलाची नक्षी आहे, ती प्रत्येक टिक्कीवर उमटते. तेच फूल, कचऱ्याच्या पिंपाशेजारी, मांजराच्या तोंडात.

मोजल्या. सहा होत्या, सातवी मांजर खात होतं. सातच दिल्या होत्या. म्हणजे एकीलाही कुणी हात लावला नाही.

झाडूवाली म्हणाली, "रोजचंच आहे काकू. चौथ्या मजल्यावरून येतं. मांजरं बघा कशी माजलीत!"

चौथ्या मजल्यावर गुंडी राहते.

औषध आणायला निघाले होते, तशीच परत आले. औषध राहिलंच.

४ मार्च, बुधवार

सगळं क्रमानं लिहून काढते, म्हणजे डोकं जरा ठिकाणावर येईल.

कपड्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती शर्टांना गुंड्या लावायची, म्हणून गुंडी. मी हातशिलाई करायचे आणि होते काडीसारखी, म्हणून सुई. खऱ्या नावानं हाक मारली तर आम्ही दोघीही वळून बघत नसू. खोल्या शेजारी शेजारी. दोघींत मिळून एक फ्रिज — तो तिच्या खोलीत. वरचा कप्पा तिचा, खालचा माझा, आणि मधला जिला सुचेल तिचा. उरलेलं सगळं मधल्या कप्प्यात. तिचा अर्धा कोबी, माझा कडक झालेला पाव, तिची वाटीभर उसळ, माझं फाटलेलं दूध. संध्याकाळी जी आधी घरी येईल तिनं कप्पा उघडायचा आणि त्यातून दोन्ही घरांचं जेवण उभं करायचं. "आज काय निघालं गं?" हा आमचा नमस्कार.

पुढे तिचा मुलगा आणि माझी लेक, दोघांनी आपापसात ठरवूनच आम्हाला सांगितलं. आम्ही विहिणी झालो! एकमेकींकडे बघून हसू आवरेना. जावयानं माझ्या समोरच्या नव्या इमारतीत घर घेतलं, चौथा मजला, लिफ्ट नाही. गुंडी त्यांच्याबरोबर गेली. तरी रोज खाली उतरून माझ्याकडे यायचीच.

सप्टेंबरात बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि ती पलंगाला खिळली. माझे गुडघे असे — डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केलेली. फोन करावा तर तिला ऐकू येत नाही. "काय? काय गं?" एवढंच दोन्हीकडून. जावई ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मधे उरली ती माझी लेक. कामावरून येताना माझ्याकडे डोकावते, डबा घेऊन जाते, दुसऱ्या दिवशी धुऊन आणून देते.

"मावशीनं अगदी बोटं चाटून खाल्लं, आई."

गुंडीला ती लहानपणापासून मावशीच म्हणते. सहा महिने हे ऐकलं मी.

५ मार्च, गुरुवार

विचारलं लेकीला. पदराशी खेळावं तसं पर्सच्या पट्ट्याशी खेळत बसली.

"खरं सांगू? मावशीलाच नको असतं."

"काय म्हणते?"

"जाऊ दे ना आई."

"बोल."

"म्हणते — सुईचा उकिरडा माझ्या ताटात नको."

लेक पुढे बरंच काही बोलली. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, आजारी माणूस चिडचिडं होतं, मनावर घेऊ नकोस. मला काही ऐकू येईना. जणू मीच गुंडी.

६ मार्च, शुक्रवार

उकिरडा.

९ मार्च, सोमवार

तीन दिवस नीट जेवले नाही. आज स्वतःवरच चिडले आणि ओट्याशी उभी राहिले. पाव दोन दिवसांचा, त्याचे तुकडे तव्यावर कोरडेच भाजले. टोमॅटो मऊ पडले होते, ते लसणावर परतले, वरून कालच्या मसुराचं पाणी. पाव त्यात सोडला. छान झालं! चव घेतल्यावर पहिला विचार आला तो गुंडीचाच. सवय मेली जाता जात नाही.

कारखाना तीन महिने बंद होता तेव्हा हा उकिरडा कसा चालला? तिच्या मुलाला ताप होता, पोटात काही ठरत नव्हतं. बटाट्याच्या साली, गाजराचे शेंडे, कांद्याची वरची पात, सगळं उकळून, गाळून, त्याचं पाणी मी त्याला चमच्या-चमच्यानं पाजलं. ती शेजारी बसून रडत होती. "सुये, तुझ्या हातात काहीतरी आहे गं," म्हणाली होती.

आता नवा ओटा आला, कपाटांना बंद होणारी दारं आली. दिवस पालटले तशी जीभही पालटली!

नुसतं "नको पाठवूस" म्हणाली असती तरी चाललं असतं. मला ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण लेकीच्या देखत? माझ्या पोटच्या पोरीपुढे माझ्या अन्नाला असं म्हणावं?

१४ मार्च, शनिवार

तिचं एक मोठं पातेलं माझ्याकडे होतं, किती वर्षं ते आठवतही नाही. घासून लख्ख केलं आणि लेकीच्या हाती दिलं.

"सांग तुझ्या सासूला. आता विहीण म्हणून जेवढ्यास तेवढं. सुई मेली म्हणावं."

"सांगते," म्हणाली.

लगेच म्हणाली. मला वाटलं होतं, जरा समजूत घालेल. असं नको बोलूस म्हणेल. पातेलं काखेत मारलं आणि गेली.

२२ मार्च, रविवार

एकटीपुरतं रांधते आता. एकटीपुरतं केलं की उरत नाही, आणि काही उरलं नाही की दुसऱ्या दिवशी काय करावं तेच सुचत नाही.

२६ मार्च, गुरुवार

औषधांच्या दुकानात ती मुलगी भेटली, पायांचे व्यायाम करून घेणारी. माझ्या गुडघ्यांसाठी मागे यायची. हल्ली कुठे जातेस विचारलं, तर म्हणाली समोरच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. एक आजी आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेलं.

मी म्हटलं, "कशा आहेत?" आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"पाय सुधारतोय हो. पण खात नाहीत. सूनबाई कामावर जातात, बाहेरून डबा लावलाय. त्याला ना चव ना ढव. आजी नुसतं चिवडतात. आणि रोज मला विचारतात, सुईकडून काही आलं का? मी आपली म्हणते, नाही आलं. कोण हो ही सुई?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

घरी आले. पिशवी अजून टेबलावर तशीच आहे. रोज विचारते? जिला उकिरडा नको, ती रोज विचारते?

लेकीला विचारू? नको. विचारून झालंय एकदा.

२८ मार्च, शनिवार

चढले! चार मजले. प्रत्येक जिन्यावर बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं पाणी दिलं, खुर्ची दिली, "लेकीला खाली बोलावू का?" विचारलं. मी "मुळीच नको" म्हटलं, ते जरा जोरातच.

हातात डबा होता. फ्लॉवरचे देठ, एक बटाटा, पावाच्या कडा, सगळं शिजवून घोटलेलं सूप. वरून थोडी साय. सकाळपासून करत होते.

दार लेकीनं उघडलं. तिचा चेहरा मी लिहिणार नाही.

गुंडी खिडकीशी पलंगावर होती. किती लहान झालीय! गालांत खड्डे. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आलीस? मला वाटलं, मी मेल्यावरच येशील."

ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्यानं बोलते. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल.

"सहा महिने झाले! एक घास पाठवला नाहीस! मी पडले तशी तुला नकोशी झाले? पोरीला विचारलं मी. एकदा नाही, दहादा विचारलं. ती बिचारी काय सांगणार! आई म्हणते, आता पुरे झालं दुसऱ्यांचं करणं. असं म्हणालीस तू? आणि वर पातेलं परत पाठवलंस!"

मी दाराकडे बघितलं. लेक उभी होती, हातात गुंडीचा चहाचा कप. नुसती मान हलवत होती — नको. नको आई.

जिभेवर सगळं आलं होतं. सगळं! एक वाक्य बोलायचा अवकाश.

तेवढ्यात गुंडीला उठून बसायचं होतं. लेक कप ठेवून पुढे झाली. गुंडीनं सवयीनं हात वर केला, लेकीच्या गळ्यात टाकला, सगळा भार तिच्यावर सोडून दिला आणि डोळे मिटले. लेकीनं तिला अलगद उचललं, पाठीशी उशी लावली, पायावरचं पांघरूण नीट केलं. हे मात्र खोटं नव्हतं. इतक्या हळुवार हातांनी कुणी खोटं करू शकत नाही.

गुंडीनं डोळे उघडले. "बोल की! म्हणालीस का असं?"

"हो," मी ओरडून सांगितलं. "म्हणाले. डोकं फिरलं होतं माझं."

तिनं विचारलं, एरवीपेक्षा हळू आवाजात, "मी काय केलं होतं गं तुझं?"

मी डबा उघडला, चमचा तिच्या हातात दिला. सगळं सूप प्यायली. डब्याची कड बोटानं पुसून घेतली. म्हणाली, "मीठ कमी आहे." आणि मग, "खाल्लं म्हणजे माफ केलं, असं समजू नकोस."

उतरताना लेक मागोमाग आली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी बसले, ती उभीच राहिली.

"का केलंस?"

बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "शाळेत मला उरलंसुरलं म्हणायचे. माहितीय तुला? माझं नावच ते. डबा उघडला की नाकं दाबायचे. कालचा भात, परवाची भाजी, त्यालाच उलटंसुलटं करून नवं नाव! तुम्हा दोघींना त्याचं कोण कौतुक! मला वाटलं, माझं घर झालं की सुटले. आणि रोज संध्याकाळी तोच डबा पुन्हा माझ्याच हातात! मावशीला खाताना बघितलं की मला तो शाळेचा बाक आठवायचा. पहिल्या दिवशी फेकला. मग रोज फेकला. मग तुम्हा दोघींना काहीतरी सांगावंच लागलं."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस? शाळेत असताना?"

"सांगितलं होतं," लेक म्हणाली. "तू हसलीस. मावशीला पण सांगितलंस आणि दोघी मिळून हसलात."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण हसलो असू.

तरी — "उकिरडा" हा शब्द तिचा. गुंडीच्या तोंडी घातला तिनं. तो कसा सुचला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी लेक आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आई, काल तू मला वाचवलंस."

"तुला नाही. तिला. रोज सकाळी तुझ्या गळ्यात हात टाकून उठायचंय तिला."

ती म्हणाली, "पण मावशी तुला जन्मभर वाईट समजेल."

"समजू दे. दुपारी दार उघडं ठेव. डबा आता मी आणणार."