तुरटीच्या तोरणाचा पहिला खडा

अहो,

जे. पी. नगरला अक्काकडे चाललेय. चारला थेट डॉक्टरांकडेच भेटू.

आधी ओट्यावरची, खिडकीजवळची तुमची तुरटीची बरणी बघा. तोरणासाठी तुम्ही आत सोडलेल्या दोऱ्याला बोराएवढा खडा धरलाय! कडा इतक्या सरळ की माणसाच्या हाताने होणार नाहीत. त्यावर ऊन पडलं आणि मी फोडणी सोडून नुसती बघत उभी राहिले. आपल्या ओट्यावर, साध्या पाण्यात हे झालं!

आता खरं सांगते. तीनदा नुसता भुगा झाला, तो तुम्ही तुरटी-पाण्याचं प्रमाण विसरलात म्हणून नाही. ओटा पुसताना मीच रोज बरणी हलवत होते. या वेळी आठ दिवस हात लावला नाही.

डॉक्टरांना दाखवायला केलेल्या तुमच्या विसरण्याच्या यादीतून तुरटी खोडा. ती चूक माझी.

हेमलता