मर्लिसाच्या रुमालाची टोकं

रविवार, २६ ऑक्टोबर

आजपासून रोज लिहिणार. कॉलेजात असतो तर वेळ मिळाला नसता, म्हणजे कॉलेज मध्येच सोडलं ते बरंच झालं. (ती खुर्ची मी सरांच्या अंगावर फेकलेली नव्हती. हातातून सुटली. रागात माझे हात सैल पडतात.)

उद्या आइसलँडचे दोन शिक्षक येताहेत. आठवडाभर आमच्या डॉमिनिका बेटाचा वारसा बघणार. डोंगर, पोपट, टोपल्या, गाणी. जानेवारीत आमच्या शाळेची मर्लिसा टीचर त्यांच्या देशात जाणार आणि सोबत गावातला एक ‘जाणकार’. हेडसरांनी नाव अजून सांगितलेलं नाही. पण पाहुण्यांना फिरवणार कोण? मी. व्हॅन कुणाची? माझी. (मामाची. चालवतो मी.) आता यात सांगायचं काय उरलं?

लोकरीची टोपी घेऊन ठेवली. निळी, वर पांढरा गोंडा. रोझोच्या बाजारात एवढी एकच होती. फिलोमेन मावशी म्हणाली, केल्सन, या उकाड्यात ती घालून बसू नकोस, आहे तेवढा मेंदू कानातून गळेल. मावशीने लग्न केलेलं नाही. तिला प्रेमातलं काय कळणार!

मर्लिसा हल्ली रोज संध्याकाळी आमच्याकडे येते. मावशीकडे येते असं दाखवते. दोघी दार लावून आत बसतात. मी अंगणात व्हॅन धुतो. आज तिसऱ्यांदा धुतली.

निश्चय: या आठवड्यात तिला विचारायचंच. आणि चिडायचं नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पाहुणे आले. बाईंचं नाव स्टेइनुन, पन्नाशीच्या, हातात सतत कॅमेरा. दुसरा ह्याल्टी. भूगोल शिकवतो. लाल दाढी, ताडमाड उंच, व्हॅनच्या टपाला डोकं आपटलं. बरं वाटलं.

क्रिओल सप्ताह सुरू झाला, आमच्या जुन्या बोलीचा आणि पेहरावाचा. गावातल्या सगळ्या बायका चौकटीच्या मद्रासी रुमालात. मी पाहुण्यांना रुमालाच्या टोकांचा अर्थ सांगणार होतो, पाठच केलं होतं. डोक्यावर एक टोक उभं असेल तर मन मोकळं. दोन टोकं, मन कुणावर तरी जडलंय. तीन, लग्न झालं. चार, झालंय, तरी जागा आहे. पण मर्लिसाने मध्येच अडवलं. म्हणाली, रुमालाचं तू सांगू नकोस, ते मी वर्गात घेणार आहे.

लाजली. कारण तिच्या स्वतःच्या रुमालाला एक टोक होतं. एक! माझ्यासमोर मुद्दाम दोनदा मागे वळली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दोन टोकं. काल एक, आज दोन. मध्ये काय घडलं? मी तिला दळणाच्या पोत्याएवढे दशीनचे, म्हणजे अळूचे, कंद नेऊन दिले. कंदांनी काम केलं.

स्टेइनुनबाईंनी मर्लिसाच्या डोक्याचा मागून फोटो काढला आणि बोटांवर मोजून काहीतरी लिहून घेतलं. परक्या बाईलाही कळलं.

पाहुण्यांना उकळत्या चिखलाचे झरे दाखवले. मी म्हटलं, बघा, जमीन कशी खदखदते, असं जगात कुठे नाही. ह्याल्टी म्हणाला, आमच्या शाळेमागे आहे, मुलं त्यात अंडी उकडतात. सगळे हसले. मर्लिसा जास्त हसली. मी चिडलो नाही. जेवताना त्याच्या कालवणात आमची छोटी पिवळी मिरची सबंध ठेचून घातली. त्याने घाम पुसला, अजून आहे का म्हणून विचारलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

तीन!!!

मी शाळेच्या फाटकाशी व्हॅनमध्ये होतो. ती उतरून वर्गात शिरली आणि आत पोरं एका सुरात ओरडली, तीन, तीन! पोरांनाही आनंद झाला. म्हणजे तिने मनाने माझ्याशी लग्न केलं. न विचारताच. माझी विचारण्याची मेहनत वाचवली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

मावशीला म्हटलं, मोठी खोली झाडून ठेव, सून येणार. कारण विचारलं म्हणून तीन टोकांचं सांगितलं. मावशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. म्हणाली, घाई नको राजा, उद्या चौथं आहे. मावशीचं आता वय झालंय.

संध्याकाळी बोनिफासच्या दारूच्या दुकानात सगळ्यांना पाजली. बोनिफास पेला पुसत म्हणाला, नवरदेवा, अभिनंदन, पण नवरीला कळवलंस का? कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, अरे हिला तरी खुर्ची मारू नकोस म्हणजे झालं. मी पेला फोडला नाही. सुटला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

चार.

लिहवत नाही.

चार! चांगल्या घरची मुलगी! शाळेत शिकवते! काल माझी झाली आणि आज अख्ख्या डोक्यावर पाटी लावली की जागा आहे. कुणासाठी, ते व्हॅनमध्ये कळलं. माझ्या शेजारची सीट सोडून ती मागे ह्याल्टीजवळ बसली. म्हणे, त्याला झाडांची नावं सांगायची आहेत. झाडांना नावं असतात हे मला नव्याने कळलं.

जंगलात आमचा जांभळा पोपट बघायला नेलं. गावातली निम्मी माणसं तो न बघताच मरतात. अर्थात दिसला नाही. पाऊस आला. सगळे व्हॅनकडे पळाले. हेडसरांनी विचारलं, सगळे आले का? मी म्हटलं, सगळे. ह्याल्टी झाडाआड होता. मला दिसत होता. लाल दाढी लांबून दिसते.

मी काही वाईट केलं नाही. त्याला निसर्ग बघायचा होता.

संध्याकाळी तो एका शेतकऱ्याच्या पिकअपमधून आला, केळ्यांच्या घडांवर बसून, चिंब. पोपट बघून आला. एक नाही, जोडी. त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसली होती म्हणे. मर्लिसाने सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. भिजलेल्या माणसाला मिठी मारू नये, सर्दी होते.

हेडसरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, केल्सन, तुला मोजता येतं ना? मला! जो चार दिवस फक्त मोजतोय!

निश्चय: उद्या क्रिओल दिनाच्या कार्यक्रमात सगळ्या गावासमोर जाब विचारणार. चिडणार नाही. शांतपणे ओरडणार.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

जाब विचारला.

धीर यावा म्हणून आधी बोनिफासकडे जाऊन आलो, म्हणून थोडा उशीर झाला. मैदान गच्च. मर्लिसा स्टेजवर, माइकपाशी. मी सरळ चढलो. माझा आवाज माइकशिवायही पोचतो. म्हटलं, सोमवारी एक होतं, मी काही बोललो नाही! मंगळवारी दोन, मी कंद दिले! बुधवारी तीन, मी खोली झाडून घेतली! आणि गुरुवारी चार? त्या पोपटवाल्यासाठी?

गाव एकदम गप्प. मला वाटलं, हेलावलं. मग माझ्या मागे लक्ष गेलं. चार पोरी ओळीने उभ्या होत्या. पहिलीच्या रुमालाला एक टोक, दुसरीच्या दोन, मग तीन, मग चार. चौथी असेल सात वर्षांची. ती म्हणाली, दादा, टीचर आम्हाला रोज एक शिकवत होत्या, सोमवारी एक, मंगळवारी दोन. फिलोमेन मावशीने त्यांना शिकवलं, त्यांनी आम्हाला. मग म्हणाली, दादा, तुमच्या तोंडाला वास येतोय. हे मात्र माइकमधून गेलं.

गाव हसायला लागलं. बोनिफास खाली बसूनच हसला. मावशी पहिल्या रांगेत होती. तिने पदराने नाही, अख्ख्या झग्याने डोळे पुसले.

मर्लिसाने माइक हातात घेतला आणि पाहुण्यांना सांगितलं की हा आमचा जुना लोकनाट्यप्रकार आहे, टोकं मोजून वेडा झालेल्या प्रियकराचा. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग स्टेइनुनबाई धावत आल्या. म्हणाल्या, फारच अस्सल, पण ऐन वेळी बॅटरी गेली, पुन्हा कराल का?

मर्लिसा माझ्या कानात म्हणाली, कर, नाहीतर काल जंगलात कोण कुणाला सोडून आलं ते माइकवर सांगते.

केलं. दुसऱ्यांदा खरंच रडू आलं. ह्याल्टी म्हणाला, अभिनय पहिल्यापेक्षा सरस.

एकंदरीत कार्यक्रम मी वाचवला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

स्वातंत्र्यदिन. पाहुणे गेले. मी परेड बघायला गेलो नाही. रस्त्यातली पोरं मला बघून बोटं वर करतात. आधी एक, मग दोन.

हेडसरांनी जाणकाराचं नाव जाहीर केलं. फिलोमेन मावशी. रुमाल बांधण्याचे चारही प्रकार येणारी गावात तीच उरली आहे म्हणे. मी चिडलो नाही. दाराची कडी आधीच सैल होती.

मंगळवार, ६ जानेवारी

दोघींना विमानतळावर सोडलं. वाटेत दोघी मागे बसल्या. उतरताना मावशीने माझ्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढून घेतली. म्हणाली, तुला इथे काय करायची?

मर्लिसा म्हणाली, जपून राहा, केल्सन. जपून! म्हणजे कुणासाठी? याचा अर्थ उघड आहे. वाट बघणार.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मावशीचा फोन. माझा व्हिडिओ तिथल्या शाळेत दाखवतात. मुलांना इतका आवडला की त्यांनी नाटुकलं बसवलं. माझं काम कोण करतंय, विचारलं. एक जाडा मुलगा, नाक लाल रंगवून. काही असो, आइसलँडला मी पोचलो.

रविवार, १२ एप्रिल

आज सगळं बदललं. मावशीने फोटो पाठवला. बर्फ, मागे पांढरं चर्च, पुढे मर्लिसा. डोक्यावर माझी निळी टोपी. वर गोंडा. एक. एकच!

मन मोकळं. इतक्या लांबून, समुद्रापलीकडून मला सांगतेय. मुद्दाम माझ्याच टोपीने!

लगेच फोन लावला. मावशीला म्हटलं, तिला सांग, मला कळलं. मावशी म्हणाली, काय कळलं? म्हटलं, टोपी. मावशी म्हणाली, अरे, ती टोपी तर तिच्या डोक्यावरून निघेचना, कान गोठत होते पोरीचे, शेवटी पाद्री म्हणाला, राहू दे, टोपीवरच लावू. म्हटलं, काय लावू? मावशी म्हणाली, लग्न रे. फोटोत शेजारी लाल दाढी दिसत नाही का तुला?

दिसतेय. कडेला आहे.

पण गोंडा एकच आहे.