ओळखलं का मला?

पणदरे, गुरुवार, दिवेलागण

आज जावयाचा अपमान केला. दुसऱ्यांच्या. फार बरं वाटतंय.

शेजारच्या सुमनच्या सासऱ्यांना, आबांना, आता माणसं आठवत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच तोंडी परीक्षा घेतो, "आबा, ओळखलं का मला?" आबा कावरेबावरे होतात. पाहुणा चहा पिऊन, "काळजी घ्या हां" म्हणून मोकळा. मग दिवसभर सैरभैर आबांच्या मागे सुमन एकटी.

आज कळंबचे जावई आले. त्यांचंही तेच, "मामा, सांगा बरं, मी कोण?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "पावनं, आधी तुमी सांगा, मी कोण? दिवाळीला माझ्या हातची बासुंदी दोनदा मागून घेतलीत."

"तुमी... शेजारच्या."

"नाव?"

जावई टोपी सारखी करायला लागले. आणि यांचं डोकं म्हणे शाबूत!

मग मीच शिकवलं. आधी आपलं नाव सांगायचं, मग तासभर बसायचं. सुमनला मैत्रिणीकडे पिटाळलं. जावई चांगले निघाले, कबूल. "मामा, मी अशोक, तुमचा जावई," म्हणाले. आबा खुलले, मेंढरांच्या गोष्टी सांगत बसले. उद्यापासून गल्लीत हाच नियम. कोण मोडतो बघतेच. जास्त बोलले का मी? छे.

सुमन परतली तर आबा म्हणाले, "कोण गं तू?"

या प्रश्नावर ती रोज रडते. आज म्हणाली, "मी सुमन. तुमची सून."

"मग उभी का? बस की हितं."

आबा बाजेवर सरकले. इतक्या वर्षांच्या संसारात सुमन पहिल्यांदाच सासऱ्याच्या शेजारी बसली.