नव्वदच्या आत

४ फेब्रुवारी

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

मी नीट जेवते का, हे तुझ्या पत्रात चार वेळा विचारलंयस आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल एक ओळ नाही. तेव्हा आधी गुडघ्यांचं कळव.

माझ्या दुखण्याला अखेर नाव मिळालं. पीसीओएस. अंडाशयांचा कारभार बिघडतो, पाळी मनाला येईल तेव्हा येते, हनुवटीवर केस उगवतात आणि खाल्लेलं अंगाला चिकटून बसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, म्हणून वजन पटकन चढतं आणि उतरताना रुसतं. दोन वर्षं जो तो मला तोंडाला कुलूप लावायला सांगत होता. आता निदान दोष जिभेचा एकटीचा नाही, हे कागदावर आलं.

वाईट बातमी अशी की मला दोरीवरून उतरवलंय. उंच इमारतींच्या काचा पुसायला आम्ही गच्चीवरून दोरीने खाली सुटतो, ते तुला ठाऊक आहे. विमा कंपनीच्या नियमाप्रमाणे दोरीवरच्या माणसाचं वजन नव्वदच्या आत हवं. माझं अठ्ठ्याण्णव भरलं. मुकादमांनी सप्टेंबरच्या तपासणीपर्यंत मुदत दिलीय. तेव्हा नाही जमलं तर कायमची सामानाच्या खोलीत. सध्या तिथेच बसून बादल्या आणि रबरी पात्या देते-घेते. आत्या, मला दोरीवर परत जायचंय. त्या खोलीत मी वाळून जाईन, आणि तेही चुकीच्या ठिकाणी.

तुझ्या काट्यांच्या कारखान्यातला माणसं तोलायचा एक काटा पाठवशील का? बाजारातल्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही आपल्या घराण्याची खोड माझ्यातही आहे.

लोभ वाढावा, वजन नको.
तुझी,
खारूताई

१९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

गुडघे जिने चढताना बोलतात, उतरताना ओरडतात. बाकी ठीक.

लहानपणी तू कारखान्याच्या छपरावर चढून बसायचीस, तेव्हा कौतुकाने तुझं हे नाव मीच ठेवलं. तेव्हाच टेबलाच्या पायाला बांधून ठेवलं असतं तर आज हे दिवस आले नसते. असो. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, तेव्हा घाई करू नकोस. डॉक्टरीणबाई शहाण्या दिसतात, त्यांचं ऐक.

काटा ट्रकने पाठवलाय. दांडीचा आहे: खाली फळी, वर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकवायचं वजन. तुझ्या आजोबांच्या हातचा आहे. रोज सकाळी आधी रिकामा काटा शून्यावर बघायचा, मग चढायचं, हे तुला सांगायला नको.

आणि एक. त्या सामानाच्या खोलीला इतकी नावं ठेवू नकोस. खुर्ची आहे, डोक्यावर छप्पर आहे, पगार तोच आहे. कितीतरी माणसं अशा खोलीत बसून सुखाने म्हातारी झाली.

पत्र पाठवण्यात कंजूषपणा नको, मी वाट बघते.
तुझी आत्या

२ मे

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

काटा माझ्या पलंगाशेजारी उभा आहे. खोलीत त्याला ठेवल्यावर मला आडवं वळून दार गाठावं लागतं, तोही व्यायामच.

माझा दिनक्रम ऐकलास तर हसशील. सकाळी अंडी, दुपारी ताटात आधी भाज्या आणि मग बाकीचं, दर जेवणानंतर एक फेरी. गोळ्या वेळेवर, झोपही वेळेवर. शिवाय व्यायामशाळेत वजनं उचलते. तिथली शिकवणारी बाई माझ्या खांद्याइतकी उंच आहे आणि आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की वाळायला नाही, ताकद कमवायला आलीयस. मला ते फार आवडलं. आणि कळवायला आनंद होतो की पाळी दोन महिने वेळेवर आली.

एकच खोडा आहे. काल दवाखान्यातल्या काट्यावर माझं वजन ब्याण्णव भरलं. नर्सबाई टाळ्या पिटायच्या बेतात होत्या. मी त्यांना सांगितलं की तुमचा काटा झिजलाय, दुरुस्तीला द्या, कारण आपल्या काट्यावर त्याच सकाळी जवळजवळ पंच्याण्णव होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच झिजले. पण आजोबांच्या काट्यापुढे दवाखान्याचं कोण ऐकणार? रोज शून्य बघते, केसभरही हलत नाही. तेव्हा हिशोब पंच्याण्णवापासूनच धरायचा. मी रात्रीचं जेवण बंद केलंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही, तूही रागावू नकोस.

माया आहे तशीच ठेव, उपदेश थोडा कमी कर.
तुझी,
खारूताई

१३ मे

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

जेवण सोडू नकोस. हे पत्र वाचून झालं की आधी काहीतरी खा.

दवाखान्यातल्या काट्याला एवढी नावं ठेवू नयेत, त्यांचेही तपासलेले असतात. आणि रोज उठून वजन कशाला करायचं? कापडही रोज धुतलं तर विरतं. पाहिजे तर आपला काटा परत पाठव, मी एकदा नजर टाकते. प्रवासात धक्का बसला असेल.

माझी झोप उडाली आहे. जेवलीस असं दोन ओळींत कळव.
तुझी आत्या

११ जून

आत्या,

सा. न. वि. वि. सवयीने लिहिलं, खोडत नाही.

मागच्या आठवड्यात सामानाच्या खोलीत बादली उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दोऱ्यांच्या ढिगावर बसले. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या की उपाशी राहून तू स्वतःची ताकद खातेयस, चरबी नाही, आणि पुढे कधीतरी दुप्पट भुकेने सगळं भरून काढशील. मी पुन्हा आपल्या पंच्याण्णवाचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की दोन काट्यांपैकी कुठला खरा ते तुम्हीच तपासा, तुमचाच धंदा आहे.

मग तपासला. आमच्याकडे दोऱ्यांची ताकद बघायला सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं असतात. काटा टेम्पोत घालून कामावर नेला आणि फळीवर ऐंशी किलो ठेवले. दांडी ब्याऐंशीच्या पुढे जाऊन थांबली. मी सरकतं वजन उलटं केलं. पोटातल्या शिशावर आजोबांची मोहोर असते. ती नव्हती. शिसं कोरून काढलेलं आणि वरून नवं बूच बसवलेलं. सरकतं वजन हलकं केलं की फळीवरचा माणूस तेवढाच जड दिसतो, हे मला वयाच्या आठव्या वर्षी तूच शिकवलंस. शून्य मात्र तू पुन्हा असं जुळवलंस की मला चार महिने पत्ता लागू नये. दुसऱ्या कुणाला ते साधलंही नसतं.

मी खूप रडले. उपाशी राहिले त्याबद्दल नाही. नर्सबाईंशी मी तुझ्यासाठी भांडले होते.

का केलंस, ते लिही.
मी

१८ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

हो, मीच केलं. काटा बांधायच्या आदल्या दिवशी, तुझ्या आजोबांच्या कानसीने.

तुझे आईवडील गेले तेव्हा तू माझ्या कमरेएवढी होतीस. त्यानंतर तुला ताप आला तरी मी देव पाण्यात घालून बसायचे. आणि तू मोठी होऊन काय निवडलंस, तर दोरीला लटकणं. सहा वर्षं मी दारात कुणी अनोळखी माणूस उभा राहिला की आधी त्याचं तोंड बघते. नियमाने तुला खाली उतरवलं हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, तुझ्या दुखण्याचं पत्र हातात असताना. वाटलं, काटा थोडा जड बोलला तर पोर कंटाळेल आणि खुर्चीत बसेल. तू जेवण सोडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं लोकांचे खोटे काटे खरे करत आले आणि एकच खरा काटा खोटा केला, तोही तुझा.

सोबत नवं सरकतं वजन पाठवलंय. शिक्क्याच्या वजनांवर तीनदा ताडून बघितलं, शेजारच्या कारखानदाराकडूनही तपासून घेतलं. माझ्या शब्दावर घेऊ नकोस, तूही ताडून बघ.

माफी मागत नाही, कारण भीती अजून तेवढीच आहे. पण तू दोरीवर जावंस की नाही, हे ठरवायचा अधिकार माझा नव्हता.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी आत्या

२० सप्टेंबर

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

साडेअठ्ठ्याऐंशी. कंपनीच्या काट्यावर, मुकादमांसमोर, बूट घालून. त्याच सकाळी आपल्या काट्यावरही तेवढेच होते, हे मुद्दाम लिहिते.

जूनपासून तीनही वेळा जेवले. मधे पाच आठवडे वजन जागचं हललं नाही. पूर्वी रडले असते. शिकवणारी बाई म्हणाली की काटा थांबलाय, तू थांबलेली नाहीस, आणि मला आणखी जड वजन उचलायला दिलं. तपासणीत बेशुद्ध माणसाला दोरीवरून उतरवून दाखवावं लागतं. मी मुकादमांनाच उतरवलं, आणि त्यांचं वजन नव्वदच्या आत मुळीच नाही.

दुखणं गेलेलं नाही, ती जन्माची सोबत आहे. हनुवटीवरचे केस अजून उपटते, पाळी अधूनमधून हुलकावणी देते. पण आता त्याचे डावपेच मला कळतात. राग म्हणशील तर तो जुलैतच संपला, पत्र पाठवायला उशीर केला तो तुला थोडं तिष्ठत ठेवायला.

तू भितेस म्हणून सांगते: आम्ही एका नाही, दोन दोऱ्यांवर असतो. एक कामाची, एक राखणीची. सोमवारपासून स्टेशनसमोरची बारा मजली काचेची इमारत माझी.

ओढ आहे तेवढी राहू दे, ती कुठे तोलायची नाही.
तुझी,
खारूताई

२९ सप्टेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

काल तुला न कळवता येऊन गेले. समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. तू नवव्या मजल्यावर होतीस. मी आधी दोऱ्या मोजल्या, दोन होत्या. मग तुझ्याकडे पाहिलं. तू हात लांब टाकून एका दमात अख्खी काच पुसायचीस, पाय टेकवून पुढच्या काचेवर जायचीस, आणि मधेच शेजारच्या दोरीवरच्या बाईला काहीतरी सांगून हसायचीस. घरात तुला इतकं निवांत मी कधी पाहिलं नाही.

दुकानदाराने विचारलं की एवढं काय बघताय. मी सांगितलं की ती डावीकडची माझी भाची. तोही बाहेर येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, तुम्हाला भीती नाही वाटत का? मी म्हटलं, वाटते, पण ती काम चांगलं करते.

हाक मारली नाही. वर काम करणाऱ्या माणसाला खालून हाक मारू नये. मान दुखेपर्यंत बसले आणि दुपारच्या गाडीने परत आले. भीती माझी आहे, ती माझ्याबरोबर घरी घेऊन आले.

तुझी आत्या